मुंबईची जुनी लाँच गोसेखुर्दच्या पाण्यात आणावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं गाव गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आहे. हायस्कूल, आठवडी बाजार आणि बऱ्याच जणांची उरलीसुरली शेती समोरच्या काठावर. रस्त्याने फेरा फार पडतो. आमच्या मच्छीमार संस्थेने प्रवासी बोट चालवायचं ठरवलं आहे. मुंबई बंदरात चाललेली साठ माणसांची जुनी लाकडी लाँच स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का? आणि ती चालवायला एक माणूस पुरेल का?"

दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. पण नुसतं नाही म्हणून मोकळा झालो तर तुम्ही ती लाँच घ्यालच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला, घर ढिवराचं, म्हणजे मासेमाराचं. बाप वैनगंगेवर डोंगा, म्हणजे लहान होडी, हाकायचा. एकोणिसाव्या वर्षी मुंबईला गेलो, भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचवर खलाशी लागलो, पुढे परीक्षा देऊन सारंग, म्हणजे लाँच चालवणारा, झालो. गेटवेवरून घारापुरी आणि मांडवा, एवढ्याच पाण्यात सव्वीस वर्षं काढली. आता गावात परत आलो आहे. गाव म्हणजे पुनर्वसनातलं. ज्या गावात जन्मलो त्याच्यावर आज तुम्ही बोट चालवायचं म्हणता तेच पाणी आहे.

आधी लाँचबद्दल. बंदरातली लाकडी लाँच खोल पोटाची असते. आमच्या लाँचला चार-साडेचार फूट पाणी लागायचं, आणि बोट ढकलणारा पंखा पार खाली, सुकाणूच्या पुढ्यात. मुंबईत ते चालतं, कारण तिथं भरती-ओहोटीचं वेळापत्रक हातात असतं आणि खडक कुठं आहेत ते पिढ्यानपिढ्या माहीत आहे. तुमच्या पाण्याखाली काय आहे? पळसाची, मोहाची खुंटं. शेताच्या धुऱ्यांवरच्या, म्हणजे बांधांवरच्या, बाभळी. विजेचे खांब. विहिरीची बांधलेली तोंडं. पावसाळ्याच्या शेवटी धरण भरलेलं असतं तेव्हा सगळं झाकलेलं, आणि मार्चनंतर पाणी बरंच उतरलं की तेच खुंट बरोबर पंख्याच्या उंचीवर येतं. आमच्या जुन्या गावच्या शिवारात मी एका मासेमाराच्या फायबरच्या डोंग्याला पडलेलं भोक पाहिलं आहे. आत वाकून बघितलं तर बाभळीच्या खुंटाचा तुकडा त्या भोकात बुचासारखा अडकून बसलेला. तो तुकडा अडकला म्हणून तो गडी काठाला लागला. साठ माणसांच्या लाँचला असं बूच बसत नाही.

दुसरं, समुद्राचं पाणी जड असतं, धरणाचं गोडं पाणी हलकं. फरक शेकड्याला अडीचच्या आसपास. ऐकायला काहीच नाही, पण हिशेब करा. माणसांसकट वीस टनांची लाँच समुद्रातून उचलून तुमच्या पाण्यात ठेवली, तर तेवढंच ओझं तरंगवायला तिला सुमारे अर्धा टन पाणी जास्त बाजूला सारावं लागतं, म्हणजे ती तेवढी खोल बसते. बोटीच्या हिशेबात माणूस साधारण ७५ किलोचा धरतात. म्हणजे मुंबईत जिथवर ती बुडायची तिथवरच ठेवायची असेल, तर सहा-सात माणसं काठावरच उतरवा. विकणारा हे सांगणार नाही. त्याचं लक्ष समुद्रात, त्याचा दोष नाही.

आणि लाकूड. खाऱ्या पाण्यात लाकडाला किडा लागतो पण कुजणं कमी, मीठच ते धरून ठेवतं. गोड्या पाण्यात, वर पावसाचं पाणी सांध्यात मुरत, लाकूड आतून मऊ पडतं आणि बाहेरचा रंग तसाच राहतो. तिची दुरुस्ती करणारा सुतार भंडाऱ्यात कुठून आणणार? तुम्हाला रुंद, सपाट बुडाची, फायबरची बोट घ्यायला हवी, वीस-पंचवीस माणसांची, मागे बाहेरून लावलेलं, वर उचलता येणारं आउटबोर्ड इंजिन असलेली. फेऱ्या दोन जास्त माराव्या लागतील, माराव्या.

आता खऱ्या गोष्टीवर येतो. सव्वीस वर्षांत वादळापेक्षा मला भीती वाटली ती धक्क्यावरच्या शेवटच्या पाच मिनिटांची. बोट भरली आहे, दोर सोडायचा आहे आणि आणखी आठ जण धावत येतात. गेटवेला तिकीट काठावर खिडकीत फाटतं. कुठल्या बोटीत किती चढले ते खिडकीला माहीत नाही, आणि खिडकीवर किती फाटली ते बोटीला माहीत नाही. एका मालकाकडे मी तीन वर्षं होतो. त्याचा मुनीम काठावर उभा राहून तिकिटंही गोळा करायचा आणि 'भरली का' तेही तोच ठरवायचा. एका रविवारी घारापुरीहून शेवटची फेरी. मी हात वर करून बास म्हणालो. तो म्हणाला, "अरे दोन पोरं आहेत, पोरांचं काय वजन?" दोन पोरांमागे त्यांचे आईबाप, त्यांच्यामागे आजी. बोट सुटली तेव्हा मी मोजली तर अकरा जास्त होती. त्या दिवशी काही झालं नाही, म्हणून पुढच्या रविवारी तेरा झाली. मी नोकरी सोडली ती त्याच महिन्यात. शौर्य वगैरे नव्हतं, दुसरीकडे जागा मिळाली होती.

म्हणून तुमच्या संस्थेला माझं एकच म्हणणं आहे: पैसे घेणारा आणि माणसं मोजणारा एकच नको. मग बोट कुठलीही घ्या.

जुने खलाशी 'रामदास'ची गोष्ट सांगायचे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली आगबोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. सणाला घरी जाणारी माणसं. लाटेने बोट कलली, घाबरून सगळे एका अंगाला गेले आणि ती वर आलीच नाही, असं ते सांगत. मी ही गोष्ट पन्नास वेळा ऐकली असेन. अगदी अलीकडचं म्हणाल तर १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल'ला इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली, १५ जीव गेले. त्या धडकेत 'नीलकमल'वरच्या कोणाचीच चूक नव्हती. पण परवाना ८४ प्रवाशांचा होता आणि आत शंभरावर माणसं होती. त्यानंतर गेटवेवर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडायची नाही असा दंडक आला.

आणि हे मुंबईचंच आहे असं समजू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत डोंगा उलटून एकाच कुटुंबातली, नात्यातली ११ माणसं गेली. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे निघाल्या होत्या, डोंगा उलटला, ६ जणी गेल्या. मजुरीला जाणारी बाई डोंग्यात बसताना 'किती जण आहेत' असं विचारत नाही. विचारलं तर नावाडी म्हणेल, "बाई, घाई हाय तं दुसऱ्या फेरीनं ये," आणि त्या दिवसाची मजुरी बुडेल. मोजणारा बाहेरचा हवा तो यासाठीच.

आम्ही एका लाँचवर करायचो तो उपाय सोपा आहे. पत्र्याचे बिल्ले करून काठावर खिळ्याला टांगा, जेवढी माणसं बसू शकतात तेवढेच, एकही जास्त नाही. काठावरचा माणूस चढणाऱ्याच्या हातात बिल्ला देतो, पलीकडे उतरताना तो परत घेतला जातो. बिल्ले संपले की बोट भरली. वाद घालायला जागाच नाही, कारण वाद माणसाशी घालता येतो, रिकाम्या खिळ्याशी नाही. मांडीवरच्या लेकराला पण बिल्ला. इथे तुमच्या गावात भांडण होणार हे मला आत्ताच दिसतं: "एवढूशा पोट्ट्याचा बिल्ला काऊन जी?" द्यायचा. पाण्यात पडल्यावर त्याला पण एक जॅकेट लागतं.

मुंबईत प्रवाशाजवळ पिशवी असते. आपल्याकडे माणूस एकटा येत नाही. सोबत धानाचा कट्टा येतो, तो ४० किलो. दुधाचे कॅन येतात, बकरी येते, आणि मोटरसायकल तर येणारच, ती शंभर किलोच्या वर. तेव्हा कट्ट्याला अर्धा बिल्ला, मोटरसायकलीला दीड, असं आधीच फळ्यावर लिहून ठेवा. मोटरसायकल मधोमध, आडवी पाडून, बांधून. स्टँडवर उभी केलेली गाडी बोट जरा कलली की पडते आणि ज्याच्या अंगावर पडते तो उठून पळतो, मग सगळेच उठतात.

किती माणसं घ्यायची हा आकडा बोट बांधणाऱ्याच्या जाहिरातीवरून घेऊ नका. बोटीची तपासणी करणारा सर्व्हेअर येईल तेव्हा त्याच्यासमोर वाळूच्या पोत्यांनी बोट भरून दाखवा: तेवढ्या माणसांच्या वजनाची पोती आत ठेवा, मग त्यातली बरीचशी बोटीच्या एका काठाला सरकवा आणि कललेल्या बाजूला काठ पाण्याच्या किती वर उरला ते पट्टीने मोजा. माणसं घाबरली की अशीच सरकतात. मग पूर्ण भरल्यावर जिथवर बोट बुडायला हवी तिथे बाहेरून ठळक पांढरी रेघ मारून घ्या. रेघ बुडाली की सहावीतलं पोरगंही ओरडेल.

इथे एक गंमत सांगतो, तेव्हा गंमत वाटली नव्हती. थंडीत मांडव्याच्या वाटेवर पांढरे समुद्रपक्षी बोटीमागे येतात आणि लोक त्यांना वेफर टाकतात. आमच्या लाँचला वरचा डेक, तिथे बसायचे पैसे जादा, म्हणजे हौशी मंडळी सगळी वर. एका दुपारी पक्षी डाव्या अंगाला आले आणि वरचे साठेक जण डाव्या कठड्याला. मला ते दिसलं नाही, हाताला कळलं. बोट डावीकडे कलली की नाळ, म्हणजे पुढचं टोक, उजवीकडे ओढ घेते, सुकाणू जड होतं. मी इंजिन हळू केलं आणि नव्या खलाशाला वर पाठवलं, "बसव सगळ्यांना." पोरगा हुशार. त्याने उजव्या कठड्याला जाऊन आरोळी ठोकली, "डॉल्फिन, डॉल्फिन!" झालं. साठ माणसं डावीकडून उजवीकडे. बोट सरळ होऊन थांबली नाही, तशीच उजवीकडे गेली, आणि खालच्या डेकवर उजव्या बाजूला बसलेल्या बाईच्या पायावर पाणी आलं. मी भोंगा दाबून धरला. भोंग्याने माणूस दचकून जागीच थांबतो, तेवढ्या दोन सेकंदांत ती परत सरळ झाली. उतरल्यावर त्या पोराला मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आज तो स्वतः सारंग आहे.

तेव्हा माणसं एका बाजूला गेली असतील तर त्यांना दुसऱ्या बाजूला पाठवायचं नाही, जिथं आहेत तिथं खाली बसवायचं. बसलेल्या माणसाचं वजन खाली येतं आणि तो धावत नाही. तुमच्या बोटीला छत असेल तर त्यावर कोणीही नको, लग्नाचा वऱ्हाडी असला तरी. अंभोऱ्याला, नदीकाठच्या महादेवाच्या ठिकाणी, आता पूल झाला आहे, तरी महाशिवरात्रीला त्या बाजूला नावेने जायचं म्हणणारे निघतातच. त्या दिवशी तुमचा बिल्लेवाला खमका हवा, शक्यतो दुसऱ्या गावचा.

आणि एवढ्याचसाठी एका माणसाने बोट चालत नाही. सुकाणू धरणारा मागे बघू शकत नाही. दुसरा माणूस प्रवाशांत हवा. त्यांचे पगार महिन्याचे ठेवा, फेरीमागे पैसे देऊ नका. फेरीमागे पैसे दिले की तो वाऱ्यातही जाईल आणि जास्तही भरेल. बोट सोडायची की नाही हा शब्द सारंगाचा. सरपंचाचा नाही, संस्थेच्या अध्यक्षाचा नाही, लग्नघरच्या मामाजींचा तर नाहीच.

चढणं-उतरणं. माणसं पाण्यात पडतात ती बहुतेक इथे. गेटवेच्या पायऱ्यांना एकामागे एक तीन बोटी लागलेल्या असतात आणि आजीबाईला दोन बोटी ओलांडून तिसरीत जायचं असतं. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं: मनगट धरायचं, हाताची बोटं नाही. ओली बोटं सुटतात. आणि एक पाय काठावर, एक बोटीत अशा अवस्थेत माणसाला थांबू द्यायचं नाही, ओढून आत घ्यायचं, मग माफी मागायची. तुमची अडचण वेगळी आहे. मुंबईत पाणी रोज दोनदा चढतं-उतरतं पण पायरी तीच राहते. तुमचं पाणी वर्षातून एकदा चढतं आणि आठ महिने उतरत जातं, त्यामुळे काठच सरकत जातो. ऑक्टोबरात बांधलेला सिमेंटचा घाट एप्रिलमध्ये पाण्यापासून लांब, मध्ये गुडघाभर चिखल आणि बेशरमाची झुडपं. सिमेंटवर पैसे घालू नका. ड्रमवर फळ्या ठोकून तरंगता धक्का करा, पाण्यासोबत पुढे ढकलता येईल असा, दोन्ही बाजूंना दोराचा कठडा. बोटीच्या अंगाला जुने टायर.

इंजिनाचं मेकॅनिक सांगेलच. माझी भर एवढीच की आउटबोर्डच्या चावीला एक दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची असते. तो पडला की इंजिन आपोआप बंद. ती दोरी मी नेहमी हँडलला गुंडाळून ठेवलेलीच बघतो. जलपर्णी पंख्यात अडकली की जोर देत राहू नका, इंजिन तापेल. क्षणभर उलट फिरवा, बरंचसं सुटतं. नाहीच सुटलं तर बंद करा, चावी खिशात घाला आणि मगच पंखा वर घेऊन हाताने काढा. वल्ही दोन आणि एक लांब बांबू बोटीत कायम असू द्या, इंजिन असलं तरी.

वारा. लोकांना वाटतं समुद्र वाईट, धरण बिचारं. एप्रिल-मेच्या दुपारी धुळीची भिंत उठते तेव्हा फुगवट्यावर आखूड, उभ्या लाटा येतात, एकीवरून उतरायच्या आत दुसरी. अशा लाटा अंगावर आडव्या घेतल्या तर सपाट बुडाची बोट भरते. नाळ वाऱ्याकडे धरायची, वेग कमी, माणसं खाली तळाला बसवायची आणि वारा पडेपर्यंत गाव विसरायचं. उन्हाळ्यात दुपारच्या फेऱ्या बंदच ठेवलेल्या बऱ्या. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. धरणाच्या ३३ दरवाज्यांपैकी किती उघडले याची खबर रोज सकाळी घ्या. दरवाजे उघडले की बाहेरून शांत दिसणाऱ्या पाण्यालाही ओढ लागते. २०२० च्या ऑगस्टअखेरचा वैनगंगेचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कागदपत्रं टाळू नका. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ चा आहे, इंजिनाच्या बोटीला नोंदणी, तपासणी, विमा आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. वल्ह्याच्या डोंग्यांसाठीही त्यात वेगळं प्रकरण आहे. "आपल्याकडे कोण तपासायला येते जी?" असं संस्थेच्या बैठकीत कोणीतरी म्हणेल. अपघात झाल्यावर सगळे येतात.

जॅकेटं बिल्ल्यांपेक्षा दोन-चार जास्त घ्या, त्यात लहान मुलांची वेगळी. मोठ्यांचं जॅकेट पोराला घातलं तर ते वर येतं, पोरगं खालून निसटतं. बाकाखाली गठ्ठा बांधून ठेवलेलं जॅकेट नसल्यासारखंच. बिल्ला देतानाच अंगात घालायला लावा, पट्टे बांधून. नऊवारीवर कसं बांधायचं ते बायांना एकदा काठावर दाखवा, हसतील, बांधतील.

राहिला मार्ग. बोट विकत घेण्याआधी मार्ग ठरवा, आणि तो मे महिन्यात ठरवा, पाणी सगळ्यात खाली असताना. तेव्हा खुंटं, खांब, धुरे उघडे पडतात. जुन्या गावच्या म्हाताऱ्यांना सोबत घ्या. कोणाची विहीर कुठे होती हे त्यांना नकाशाशिवाय सांगता येतं. जे कापता येईल ते कापा, जे येत नाही त्याला लांब बांबू बांधून वर लाल फडकं लावा, भरल्या पाण्यातही दिसेल इतका उंच. आमची विहीर तुमच्या घाटापासून फार लांब नसावी. मे लागला की कळवा, मी येतो.